वच्छलाबाईंची सही

अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं होतं की नोकरीतले काहीतरी खुसखुशीत अनुभव लिहा, सणासुदीला वाचकांना जड नको. मी हो म्हणालो आणि चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलो. खुसखुशीत काही निघालं नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी सुरू आहे, आणि एका ठेकेदाराचं नाव कानावर पडलं की अजून माझं डोकं तापतं. तेव्हा जे आहे तेच लिहितो. संपादकांना नको असेल तर त्यांनी खुशाल परत पाठवावं.

मी सरकारी बांधकामाच्या एका खात्यात शाखा अभियंता होतो. खात्याचं नाव सांगत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. नोकरी सगळी बुलढाणा जिल्ह्यात झाली, शेवटची काही वर्षं मेहकरला. शाखा अभियंता म्हणजे साईटवर जाऊन काम बघणारा आणि त्याची मापं घेऊन एम.बी.त, म्हणजे मोजमाप पुस्तकात, लिहिणारा माणूस. त्या मापांवरून ठेकेदाराचं बिल निघतं. आमच्या वरचे साहेब लोक कागद तपासतात आणि उंटावरून शेळ्या हाकतात. उन्हात उभं राहून काँक्रीट आम्ही पाहतो.

बाहेरच्या माणसाला आमच्या धंद्यातला एक शब्द आधी सांगायला हवा, तो म्हणजे 'पेटी'. सरकारी काम ज्याच्या नावावर निघतं तो नोंदणीकृत ठेकेदार. त्याची खात्याकडे नोंदणी असते, आणि केवढं मोठं काम त्याला घेता येईल हे त्या नोंदणीवर ठरतं. पण प्रत्यक्ष काम करतो तो पेटीवाला. 'पेटी कॉन्ट्रॅक्टर' हा इंग्रजी अमदानीतला शब्द आहे, अर्थ किरकोळ ठेकेदार. खेड्यातल्या लोकांना वाटतं, याच्याकडे हत्यारांची पेटी असते म्हणून हा पेटीवाला. ठेकेदार खोदकाम एकाला देतो, सेंट्रिंग दुसऱ्याला, प्लास्टर तिसऱ्याला, आणि सगळं तोंडी. करारनाम्यात मात्र स्वच्छ लिहिलेलं असतं की खात्याच्या लेखी परवानगीशिवाय काम दुसऱ्या कोणाला देता येणार नाही, दिलं तर नोंदणीवर कारवाई होईल. हे कलम सगळ्यांना पाठ होतं आणि प्रत्येक साईटवर मोडलेलं होतं. ठेकेदार सांगायचा नाही, आम्ही विचारायचो नाही. तेरी भी चूप, मेरी भी चूप.

एकदा एका ठेकेदाराला मी कामावर बोलावलं, तर त्याने मोटारीतून मलाच फोन करून विचारलं की साहेब, आपली साईट गावाच्या अलीकडं आहे का पलीकडं? चार महिने त्याच्या नावाचं काम सुरू होतं आणि त्याला रस्ता माहीत नव्हता. आम्ही ऑफिसात हा किस्सा कितीतरी वेळा सांगून हसलो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

वच्छलाबाई डोणगावच्या. सेंट्रिंगचा धंदा त्यांच्या नवऱ्याचा, पण एका साईटवर त्याच्या कंबरेचा मणका सरकला आणि त्याला वाकता येईना. तेव्हा बाईंनी प्लेटा आणि बल्ल्या विकल्या नाहीत, स्वतःच कामावर उभ्या राहिल्या. सेंट्रिंग म्हणजे स्लॅब टाकायच्या आधी त्याच्याखाली उभा करतात तो तात्पुरता मांडव. खाली लाकडी बल्ल्यांचे टेकू, वर लोखंडी प्लेटा. त्यावर सळई बांधायची, काँक्रीट ओतायचं आणि ते घट्ट होईपर्यंत पंधरा-वीस दिवस खालचा मांडव तसाच ठेवायचा. मांडव वाकला तर स्लॅबला पोट येतं, बल्ली सरकली तर माणसं दबून मरतात. आणि काम झाल्यावर या सगळ्याची काही खूण उरत नाही. इमारतीत राहणाऱ्या माणसाला कळतही नाही की इथं कधी सेंट्रिंग होतं.

बाईंचं काम मी चार-पाच इमारतींवर पाहिलं होतं. साडीचा काष्टा घातलेला, त्यावर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, हातात ओळंबा. प्रत्येक बल्लीला स्वतः हात लावून, हलवून बघायच्या. हाताखालची आठ-दहा माणसं डोणगावचीच, कोणी दीर लागणारा, कोणी भाचा, पण चूक झाली की कोणाचीही भीड नाही. माझ्या सगळ्या नोकरीत त्यांच्याइतकं सरळ सेंट्रिंग मला फार कमी लोकांनी दाखवलं. हे मी त्यांना तेव्हा कधी बोललो नाही. पेटीवाल्याचं कौतुक करायचं म्हणजे तो पेटीवाला आहे हे मान्य करायचं, आणि ते आम्हाला चालणारं नव्हतं.

मेहकर तालुक्यातल्या एका गावात आरोग्य उपकेंद्राची इमारत निघाली. ठेकेदार होता त्याला आपण दिलीपभाऊ म्हणू. पांढरे कपडे, कपाळाला टिळा, बोलणं मधासारखं. हा भूमिपूजनाला आला आणि नंतर थेट बिलालाच यायचा. सेंट्रिंग वच्छलाबाईंना दिलेलं. पायाच्या कॉलमपासून त्यांनी काम केलं, आणि दर वेळी दिलीपभाऊ म्हणायचा की बिल निघू द्या, सगळं एकदमच करू. बाईंनी माणसांची मजुरी इकडून तिकडून भागवली. स्लॅब पडला. वीस दिवस झाले, पाणी मारून झालं, आता सेंट्रिंग खोलायचं. आणि बाई बसल्या.

मला गवंड्याचा फोन आला म्हणून गेलो, तर बाई स्लॅबखाली, बल्ल्यांच्या गर्दीत, एका पालथ्या घमेल्यावर बसलेल्या. मी विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "पैसे भेटल्याबिगर एक बल्ली हालनार नाही, साहेब. ह्या माह्या बल्ल्या हायेत."

मी मनात म्हणालो, बरोबर आहे. सेंट्रिंगवाल्याच्या हातात एवढं एकच असतं. खोदणाऱ्याने खड्डा केला की तो परत बुजवता येत नाही, प्लास्टरवाल्याला प्लास्टर खरवडून नेता येत नाही. पण सेंट्रिंग जोवर खाली उभं आहे तोवर वरची इमारत कोणाच्याच कामाची नाही. ना फरशी बसवता येत, ना दारं, ना मापं घेता येत. दिलीपभाऊनं दोन माणसं पाठवली होती बल्ल्या काढायला. बाईंनी त्यांना सांगितलं की काढा, पण कोणती आधी काढायची ते मी सांगणार नाही. ती दोघं मुकाट परत गेली. स्लॅब खोलताना मधल्या टेकूपासून भिंतीकडे यायचं असतं, आणि चुकीची बल्ली आधी निघाली तर काय होतं एवढं त्यांनाही ठाऊक होतं.

असे नऊ दिवस गेले. दिलीपभाऊ आणखी काही दिवसांत नमलाही असता, माझी खात्री आहे. पण वरून उद्घाटनाची तारीख आली. मग जो काही गोंधळ सुरू झाला तो सरकारी नोकरी केलेल्यांना सांगायला नको. कार्यकारी अभियंत्यांचा दिवसातून तीन वेळा मला फोन, की सेंट्रिंग का निघालं नाही. दिलीपभाऊचा फोन, की साहेब, तुम्ही शब्द टाका, बाई तुमचं ऐकते, बिल निघालं की आठ दिवसांत तिचे पैसे तिच्या घरी नेऊन देतो, आईशपथ.

मी गेलो आणि शब्द टाकला. बाईंना म्हणालो, खोला, तुमचे पैसे आठ दिवसांत मिळतील, माझ्याकडे लागले. त्या म्हणाल्या, "दिलीपभाऊचा शब्द मले नको. तुमचा असंल त लिवून द्या."

साईटवर एक पुस्तक ठेवलेलं असतं, साईट ऑर्डर बुक म्हणतात. अभियंत्यानं त्यात सूचना लिहायच्या, आणि सूचना पोचल्याची सही ठेकेदारानं किंवा त्याच्या माणसानं करायची. मी ते पुस्तक मागवलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: 'स्लॅबचे सेंट्रिंग खोलण्यास परवानगी आहे. श्रीमती वच्छलाबाई यांना समक्ष सांगितले. त्यांच्या कामाचे पैसे ठेकेदाराने आठ दिवसांत द्यावेत.' खाली माझी सही, तारीख. त्याखाली बाईंनी चौथीपर्यंतच्या शाळेतलं आपलं नाव एकेक अक्षर दाबून लिहिलं. आमच्या पुस्तकात पेटीवाल्याचं नाव लिहायचं नसतं हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. साईटवर रोज दिसणारं माणूस तेच होतं, म्हणून तेच नाव लिहिलं गेलं.

बाईंनी दुसऱ्या दिवशी मधल्या बल्लीपासून सुरुवात करून दोन दिवसांत सगळं उतरवलं. स्लॅब खालून आरशासारखा निघाला होता. फरशी-दारं घाईघाईनं उरकून उद्घाटन झालं, हार झाले, फलकावर पुढारी, साहेब आणि दिलीपभाऊ यांची नावं आली. बिल निघालं. शेवटच्या बिलाच्या वेळी ठेकेदाराला सगळ्या पुस्तकांवर सह्या करायच्या असतात. दिलीपभाऊनं माझ्या टेबलाशी बसून, एकीकडे फोनवर बोलत, साईट ऑर्डर बुकाच्या प्रत्येक पानावर फटाफट सह्या ठोकल्या. सगळे ठेकेदार असंच करतात. वाचत कोणीच नाही.

आठ दिवस गेले, दोन महिने गेले, सहा महिने गेले. बाई डोणगावहून एसटीनं मेहकरला यायच्या, माझ्या ऑफिसच्या व्हरांड्यात बसायच्या. मी दिलीपभाऊला फोन लावायचो, तो उचलायचा नाही. एकदा योगायोगाने दोघं एकाच वेळी ऑफिसात आले. मी त्याला समोर बसवलं आणि म्हणालो, या बाईंचे पैसे द्या. त्यानं बाईंकडे असं पाहिलं, की जणू रस्त्यानं जाणारं कोणी आत आलंय.

"कोन बाई?" तो म्हणाला. "साहेब, माह्या कामावर शंभर मानसं येतेत, जातेत. हिचा न माहा एखादा कागद हाये का?"

मी बोललो, पुष्कळ बोललो, आवाज चढवला. तो शांतपणे चहा पिऊन निघून गेला. मला त्या दिवशी त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि वाजवली नाही याचं अजून वाईट वाटतं. नोकरीत असताना हात बांधलेले असतात असं आपण म्हणतो. खरं तर मी सवयीनं बसून राहिलो.

मग बाईंनी कोणाकडून तरी अर्ज लिहून घेतला आणि जिल्ह्याच्या ऑफिसात दिला: नोंदणीकृत ठेकेदारानं माझ्याकडून काम करून घेतलं, पैसे दिले नाहीत, त्याच्यावर कारवाई करावी. तिथे नोंदणीचं टेबल सांभाळणारे हेडक्लार्क होते, मुरलेले. त्यांनी अर्जावर एक ओळ लिहून माझ्याकडे पाठवला: 'सदर महिला सदर कामावर होती किंवा कसे, याबाबत स्पष्ट अभिप्राय द्यावा.'

या ओळीत काय पेच आहे तो सांगतो. नव्हती म्हणावं तर अर्ज तिथेच फाईलबंद होतो. होती म्हणावं, तर दिलीपभाऊनं परवानगीशिवाय काम दुसऱ्याला दिलं हे सिद्ध होतं, आणि मी ते रोज डोळ्यांनी पाहून गप्प बसलो हेही सिद्ध होतं. माझ्या निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलं होतं. मी तो कागद अकरा दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदाच लिहितो आहे.

बाराव्या दिवशी साईट ऑर्डर बुक काढलं. ते पान उघडलं आणि मला हसू फुटलं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. माझी सही, बाईंची सही, आणि दोन्हींच्या खाली, तिरकी, ऐटबाज, दिलीपभाऊची सही. पैसे आठ दिवसांत द्यावेत, या ओळीखाली. कागद कुठाय म्हणून विचारणाऱ्यानं स्वतःच्या हातानं कागद करून ठेवला होता. मी 'होती' असा अभिप्राय लिहिला, पानाची प्रत जोडली आणि टपालात टाकलं. कार्यकारी अभियंत्यांनी बोलावून घेतलं. म्हणाले, हे हात दाखवून अवलक्षण कशाला? मी म्हणालो, साहेब, आता टपाल आवक झालंय.

दिलीपभाऊला कारणे दाखवा नोटीस गेली. मलाही एक आली, ती अपेक्षितच होती. आणि पंधरा दिवसांनी बाई मेहकरला आल्या, हातात एक टाईप केलेला कागद. दिलीपभाऊ स्वतः डोणगावला, त्यांच्या घरी गेला होता. कोणी अक्कल दिली असेल ते मी सांगायला नको, नोंदणीच्या टेबलाचा रस्ता त्याला चांगला माहीत होता. कागदावर लिहिलं होतं की मी या कामावर कधीही काम केलेलं नाही, पुस्तकातली सही माझी नाही, माझी काही तक्रार नाही. यावर सही केली की सगळे पैसे रोख, एकरकमी.

"सगळे देतो म्हन्ला, साहेब," बाई म्हणाल्या. "वरून माफीबी मागतो म्हन्ला. पन त्या स्लॅबाले माहा हात लागला नाही, असं कसं लिवून देऊ? माहा नवरा म्हन्ते देऊन टाक. तुमी सांगा."

त्या माझ्याकडे विचारायला आल्या होत्या. त्यांच्या माणसांची मजुरी थकली होती, त्यांतली निम्मी दुसऱ्याकडे गेली होती, आणि प्लेटा विकायची वेळ आली होती. हे सगळं त्यांनी मला सांगितलं होतं. त्या क्षणी मी एवढंच म्हणायला हवं होतं की बाई, सही करा, पैसे घ्या आणि घरी जा. पण त्यांनी सही केली असती तर पुस्तकातली ती नोंद खोटी ठरली असती, आणि खोटी नोंद करणारा मी ठरलो असतो. माझं पेन्शन अडकलं असतं. शिवाय मला दिलीपभाऊला पडलेलं बघायचं होतं, फार बघायचं होतं.

मी म्हणालो, सही करू नका. ऑर्डर होईल, त्याची अनामत रक्कम खात्याकडे आहे, त्यातून तुमचे पैसे वळते करून घेऊ. असं नियमात कुठेही नव्हतं. ते मला माहीत होतं का? होतं. रागाच्या भरात माणूस स्वतःला काहीही पटवतो, तसं मी पटवलं होतं. बाईंनी कागदाची घडी केली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, हाव, तुमी म्हनता त नाही करत.

सुनावणी बुलढाण्याला झाली. मी आत, दिलीपभाऊ आणि त्याचा वकील आत, बाई बाहेर बाकावर. त्यांना आत बोलावलंच नाही, कारण त्या पक्षकार नव्हत्या. करार खात्याचा आणि ठेकेदाराचा. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी एकच गोष्ट विचारली, की काम परवानगीशिवाय दुसऱ्याला दिलं की नाही. वकिलानं पाऊण तास घोळ घातला. साहेबांनी त्या पानावरची तिरकी सही दाखवली आणि विचारलं, ही तुमची का? दिलीपभाऊ पहिल्यांदाच अडखळला. त्याला घाम पुसताना मी पोटभर पाहून घेतलं. पैसे दिले का, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मी मध्येच तो काढला, तर साहेब म्हणाले, तो आपल्यासमोरचा विषय नाही, त्यांनी दिवाणी कोर्टात जावं.

महिन्याभरानं ऑर्डर निघाली. दिलीपभाऊची नोंदणी एक वर्षासाठी निलंबित. माझी एक वेतनवाढ रोखली. आमच्या ऑफिसच्या आठवणीत अशी कारवाई झालेली नव्हती. जिल्ह्यातल्या शाखा अभियंत्यांचे मला फोन आले, जिरवली म्हणाले, पेढे कधी म्हणाले. मी आठवडाभर छाती काढून हिंडलो. अनामत रकमेबद्दल हेडक्लार्कना विचारलं, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघत सांगितलं की काम चांगलं झालंय, दोष नाही, मुदत संपली की ती ठेकेदाराला परत करावी लागते. काम चांगलं कोणी केलं होतं हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांना माहीत होतं.

ऑर्डरची प्रत कोणाकोणाला पाठवायची त्याची यादी खाली असते. जिल्ह्यातली सगळी ऑफिसं होती, ठेकेदार होता, मी होतो. बाईंचं नाव नव्हतं. तेव्हा मी माझ्या प्रतीची झेरॉक्स काढली आणि एका रविवारी डोणगावला गेलो. बाईंचा नवरा ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. त्यानं मला ओळखलं, पाणी दिलं आणि सांगितलं की प्लेटा-बल्ल्या सगळ्या विकल्या, माणसांचं देणं त्यातून फेडलं, आणि वच्छला कामावर गेली मोताळ्याकडं. तिकडेच राहते, महिन्यातून एकदा येते. डोणगावहून मोताळा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. मी म्हणालो, तिकडे कोणाकडे? तो म्हणाला, ज्या सेंट्रिंगवाल्यानं प्लेटा घेतल्या त्याच्याकडंच, रोजीनं.

पुढच्या सुट्टीला मी मोताळ्याला गेलो. गावाबाहेर एका सरकारी इमारतीचं काम सुरू होतं. फलकावर ठेकेदार म्हणून एका बाईचं नाव होतं, आणि आडनाव वाचून मी ते नाव पुन्हा वाचलं. दिलीपभाऊची बायको. तिच्या नावाची नोंदणी कितीतरी वर्षांची, जिवंत, निष्कलंक. निलंबित झाला होता तो कागदावरचा दिलीपभाऊ. खरा दिलीपभाऊ दुपारी साईटवर येतो, असं चौकीदारानंच सांगितलं. बायकोच्या नावावर काम घेतल्यापासून तो रोज येत होता म्हणे.

वच्छलाबाई बल्ल्यांना पाचर मारत होत्या. मला बघून बाहेर आल्या, हात झटकले. मी ऑर्डरची प्रत दिली. का दिली, कोण जाणे. मला वाटलं असेल की निदान त्याला शिक्षा झाली हे तरी त्यांच्या हातात पडावं. त्या बोट ठेवून वाचायला लागल्या, ओठ हलवत. एका शब्दाशी बोट थांबलं. ऑर्डरमध्ये लिहिलं होतं की ठेकेदाराने काम 'अनधिकृत व्यक्तीकडून' करून घेतले.

"ह्याचा मतलब काय, साहेब?"

मी म्हणालो, म्हणजे ज्याला परवानगी नाही असा माणूस.

"परवानगी त तुमीच देल्ती," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, मला चूक दाखवावी तसं म्हणाल्या. मग पुन्हा कागद वरून खाली बघितला, पाठीमागून उलटून बघितला. "यात माहे पैसे कुठं लिवले?"

मी सांगितलं की नाही लिहिले. ते देता येत नाहीत. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. एवढं तीन वाक्यांत सांगितलं, आणि त्यांनी ऐकून घेतलं. मी वाट बघत होतो की त्या मला काहीतरी बोलतील, शिव्या देतील, निदान विचारतील की मंग काऊन अडवलं मले त्या दिवशी. त्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्या हातात परत दिली. फाटकाकडे एकदा पाहिलं, एका पांढऱ्या गाडीची धूळ रस्त्यावर दिसत होती.

"तुमी जा आता, साहेब," त्या म्हणाल्या. "तो येऊन राह्यला. तुमच्यासंगं दिसली त हेबी काम जाईन."

मी इमारतीच्या मागच्या बाजूनं, सळयांच्या ढिगावरून, निघून गेलो.